कंटेनरची चावी कोणाकडे? नेपाळने माओवाद्यांची शस्त्रं कशी उतरवली

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे', 'बेसिकली' आणि मधला प्रेशर कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय थोडा गंभीर आहे, पण सुरुवात मोमोपासून करतो.

आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक मोमोचा गाडा लागतो. चालवणारा नेपाळी आहे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दाजू म्हणतो. नेपाळीत दाजू म्हणजे दादा. एकदा रिलीजच्या रात्री उशिरा खाली उतरलो, गर्दी नव्हती, गप्पा सुरू झाल्या. गाव कुठलं विचारलं तर म्हणाला, रोल्पा. मी आपलं म्हटलं, रोल्पा म्हणजे माओवाद्यांचा इलाका ना? तो हसला आणि म्हणाला, "मैं भी था। पर मैं अयोग्य निकला।"

मला वाटलं, भरतीत नापास झाला असेल. तसं नव्हतं. 'अयोग्य' हा नेपाळच्या इतिहासातला एक अधिकृत शिक्का आहे, आणि तो ४,००८ लोकांवर मारला गेला. त्याच्यापर्यंत आपण येणारच आहोत. पण त्याआधी मोठा प्रश्न घेऊ. एखाद्या देशात सरकारच्या सैन्याबरोबर दुसरी एक फौज उभी असेल, तिच्याकडे बंदुका असतील, हजारो माणसं असतील आणि ती हरलेली नसेल, तर तिच्या हातातून शस्त्रं काढून घ्यायची कशी?

आधी बंदुका आल्या कुठून?

१३ फेब्रुवारी १९९६. नेपाळच्या माओवादी पक्षाने 'जनयुद्ध' सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि रोल्पा, रुकुम, सिंधुली इथल्या पोलीस चौक्यांवर हल्ले केले. तेव्हा त्यांच्याकडे काय होतं? मोजक्या जुन्या रायफली, भरमार बंदुका, घरी बनवलेले बॉम्ब आणि खुकऱ्या. काठमांडूतल्या लोकांना वाटलं, डोंगरातला दंगा आहे, पोलीस बघून घेतील.

पोलिसांना ते जमलं नाही. चौकी पडली की तिथली शस्त्रं माओवाद्यांची व्हायची. राजाच्या ताब्यातलं सैन्य तोवर बराकीतच होतं. नोव्हेंबर २००१ मध्ये दांग जिल्ह्यातल्या घोराहीच्या लष्करी तळावर हल्ला झाला आणि माओवाद्यांच्या हाती पहिल्यांदाच सैन्याचा मोठा शस्त्रसाठा लागला. काही दिवसांत आणीबाणी लागली, सैन्य रस्त्यावर आलं. भारताने नेपाळच्या सैन्याला इन्सास रायफली दिल्या, अमेरिकेने एम-१६ दिल्या. सैन्याची संख्या युद्धाच्या काळात जवळपास दुप्पट होऊन नव्वद हजारांच्या वर गेली. पण जितकी शस्त्रं आत येत होती, त्यातली काही लुटीतून पलीकडे जात होती. म्हणजे माओवाद्यांची शस्त्रं बरीचशी सरकारचीच होती, फक्त हात बदललेले.

माओवाद्यांच्या फौजेचं नाव होतं जनमुक्ती सेना. प्रमुख पुष्पकमल दहाल, म्हणजे 'प्रचंड'. दहा वर्षं हे चाललं. मेलेल्यांचा आकडा १३,००० ते १७,००० सांगितला जातो. तेराशेपेक्षा जास्त माणसं बेपत्ता आहेत. त्यांच्या घरचे आजही वाट बघतायत. आणि मारणारे दोन्ही बाजूंचे होते, हे विसरायचं नाही.

कोणीच जिंकत नव्हतं

२००५ पर्यंत चित्र असं होतं की खेड्यापाड्यांत माओवादी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, काठमांडूत सैन्य. एक दुसऱ्याला संपवू शकत नव्हता. अशात १ फेब्रुवारी २००५ ला राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता स्वतःकडे घेतली, पक्षांचे नेते नजरकैदेत टाकले. इथे राजाचं गणित चुकलं. कालपर्यंत माओवाद्यांना शत्रू मानणारे सात पक्ष आता त्यांच्याशी बोलायला तयार झाले. २२ नोव्हेंबर २००५ ला १२ कलमी समजूत झाली. झाली कुठे? आपल्या दिल्लीत.

त्या समजुतीतच शस्त्रांच्या प्रश्नाचं बीज आहे. ठरलं असं की संविधान सभेची निवडणूक घ्यायची आणि त्या काळात माओवाद्यांची फौज आणि शाही सैन्य, दोघांनाही संयुक्त राष्ट्रसंघाच्या किंवा अशाच विश्वासार्ह आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचं. 'दोघांनाही' हा शब्द लक्षात ठेवा. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवस लोक रस्त्यावर उतरले, राजाला माघार घ्यावी लागली, संसद परत आली. २१ नोव्हेंबर २००६ ला पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या. आठवड्याभरात शस्त्रांचा वेगळा करारही तयार झाला.

कुलूप, चावी आणि भोंगा

आता माझा आवडता भाग.

सरकार म्हणत होतं, आधी शस्त्रं द्या, मग सत्तेत या. माओवादी म्हणत होते, शस्त्रं दिल्यावर तुम्ही आम्हाला पकडून आत टाकलंत तर? दोघांचंही बरोबर होतं. अशा अडलेल्या ठिकाणी जगात अनेक करार मेलेत.

नेपाळने काढलेला मार्ग असा. माओवादी लढवय्यांनी सात मुख्य छावण्यांत आणि त्यांच्या भोवतीच्या २१ उपछावण्यांत येऊन राहायचं. चितवनमध्ये शक्तिखोर, इलामला चुलाचुली, सिंधुलीत दुधौली, रोल्प्यात दहबन, अशा या छावण्या. त्यांच्या बंदुका मोजून, नोंदवून तिथेच लोखंडी कंटेनरमध्ये ठेवायच्या. कंटेनरला कुलूप. आणि कुलपाची चावी? ती माओवाद्यांकडेच!

हो, बरोबर वाचलंत. शस्त्रं ज्यांची, चावी त्यांची. पण कंटेनरवर कॅमेरे, रात्री झगझगीत दिवे, आणि कोणी उघडलं तर वाजणारा भोंगा. पहारा ठेवायला यूएनचे निःशस्त्र निरीक्षक, तेसुद्धा पूर्ण देशात दोनशेच्या आत. दुसऱ्या बाजूला सैन्यानेही तितकीच शस्त्रं काठमांडूत छाउनीच्या बराकीत अशाच पद्धतीने बंद करायची.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. ही कसली सुरक्षा? चोराच्याच हाती किल्ल्या! नंतर विचार केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या कामात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, कोणाला आत येऊच न देणं. दुसरी, कोणी आलं तर लगेच सगळ्यांना कळणं. नेपाळच्या कंटेनरचं काम दुसऱ्या प्रकारचं होतं. माओवाद्यांना शस्त्रं काढायची असती तर अर्ध्या तासात काढता आली असती. पण मग करार कोणी मोडला हे नेपाळला, भारताला, जगाला त्याच मिनिटाला कळलं असतं. आणि चावी स्वतःच्या खिशात असल्यामुळे त्यांना 'आम्ही शरण गेलो' असं आपल्या पोरांना सांगावं लागत नव्हतं. लढणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती मोठी वाटते, ते आपल्याला एसीत बसून कळणार नाही.

भारताशी जोडलेला एक तपशील सांगतो. यूएनचे निरीक्षक पुरेसे पोचायच्या आधी शस्त्रांवर नजर ठेवायला माणसं हवी होती. त्यासाठी भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या नेपाळी गुरखा जवानांची एक तात्पुरती तुकडी नेमली गेली. दोन्ही बाजूंना ती चालली.

मोजणी सुरू झाली आणि भानगड झाली

यूएनच्या पथकाने, ज्याला अनमिन म्हणायचे, २००७ मध्ये छावण्यांतल्या माणसांची तपासणी केली. नोंद झाली होती तीस हजारांच्या वर. प्रत्येकाला विचारलं, पक्षात कधी आलास, वय काय, कुठे लढलास. शेवटी पात्र ठरले १९,६०२. त्यात ३,८४६ स्त्रिया होत्या.

आणि बंदुका किती? सुमारे साडेतीन हजार.

आता हा हिशोब कसा बसवायचा? एकोणीस हजार सैनिक आणि साडेतीन हजार शस्त्रं, म्हणजे साधारण साडेपाच जणांत एक बंदूक. सैन्याने आणि इतर पक्षांनी बोंब मारली की खरी शस्त्रं जंगलात पुरलेली आहेत. उलटी शंकाही होती की माणसंच फुगवलेली आहेत. मे २००९ मध्ये एक व्हिडिओ बाहेर आला. शक्तिखोरच्या छावणीत २००८ च्या सुरुवातीला प्रचंड आपल्या लोकांपुढे बोलत होते, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की आपण खरे सात-आठ हजारच होतो, आकडा ३५,००० सांगितला म्हणून वीस हजारांच्या आसपास पास झाले. टीव्हीवर हे दिसल्यावर गदारोळ झाला.

फुगवायचं कारण सोपं आहे. करारानंतर बंदूक कपाटात जाते, पण डोकी मोजली जातात. जितकी डोकी जास्त, तितकं वाटाघाटीच्या टेबलावर वजन जास्त. अशा ठिकाणी खोटं बोलण्याचं कारण करारातच तयार होतं. तरी अनमिनने दहा-बारा हजार नावं गाळली, हेही लक्षात घ्या.

छावण्यांतली पाच वर्षं

यानंतर खरं तर पटापट व्हायला हवं होतं. जानेवारी २००७ मध्ये माओवादी अंतरिम संसदेत आले. एप्रिल २००८ च्या निवडणुकीत ते सगळ्यांत मोठा पक्ष ठरले. २८ मे २००८ ला राजेशाही गेली, नेपाळ प्रजासत्ताक झाला. ऑगस्टमध्ये प्रचंड पंतप्रधान. विचार करा, देशाचा पंतप्रधान ज्या फौजेचा कालपर्यंतचा सेनापती, ती फौज अजून छावणीत आणि तिच्या शस्त्रांची चावी अजून तिच्याच हातात!

अडलं एका प्रश्नावर. या १९,००० जणांचं करायचं काय? माओवादी म्हणाले, सैन्यात घ्या. सैन्यप्रमुख रुक्मांगद कटवाल म्हणाले, एका पक्षाच्या विचाराने भारलेली माणसं राष्ट्राच्या सैन्यात घेणार नाही. प्रचंड यांनी ३ मे २००९ ला कटवाल यांना काढलं. त्याच रात्री राष्ट्रपती रामवरण यादव यांनी त्यांना पदावर राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रचंड यांनी राजीनामा दिला. ज्या माणसाने राजाला हरवलं, त्याला सैन्यप्रमुखाला हलवता आलं नाही.

मग सरकारं येत-जात राहिली, संविधान लांबत राहिलं, आणि छावण्यांतली पोरं पत्र्याच्या आणि बांबूच्या खोल्यांत बसून राहिली. लग्नं झाली, मुलं झाली. भत्ता उशिरा यायचा, त्यातला वाटा पक्ष कापून घेतो अशी तक्रार असायची. जानेवारी २०११ मध्ये यूएनचं पथकही निघून गेलं.

आणि आता 'अयोग्य'

दाजूची गोष्ट इथे येते. मोजणीत ४,००८ जण बाद ठरून वेगळे काढले गेले. त्यातले १,०३५ जण युद्धबंदीनंतर भरती झाले होते. उरलेले २,९७३ जण २५ मे २००६ ला, युद्धबंदीची आचारसंहिता ठरली त्या दिवशी, अठरा वर्षांचे झालेले नव्हते. म्हणजे बालसैनिक.

नियम म्हणून यात चूक काहीच नाही. मुलांना सैनिक मानायचं नाही, हे बरोबरच आहे. पण नेपाळीत यांना शब्द मिळाला 'अयोग्य', आणि तो आपल्याला जसा लागतो तसाच त्यांना लागला. तीन वर्षं त्यांनाही छावणीतच ठेवलं आणि २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर काढलं. अंगावर साधे कपडे, हातात थोडे पैसे आणि यूएनकडून प्रशिक्षणाचा पर्याय. शाळा, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, छोटा धंदा वगैरे.

दाजूला विचारलं, तू काय शिकलास? म्हणाला, "गेलोच नाही. रागात होतो." पंधराव्या वर्षी घरातून एक जण द्यावाच लागेल म्हणून पक्षाने नेलं होतं. विसाव्या वर्षी सांगितलं, तू तेव्हा लहान होतास, तू मोजला जाणार नाहीस. गावात परत गेला तर लोक विचारायचे, सगळे राहिले, तुलाच का काढलं? महिन्याभरात गोरखपूरमार्गे दिल्ली, मग पुणे.

"लहान होतो तर नेलं का? आणि नेलं तर मग अयोग्य कसा?" हे तो आमच्याच धेडगुजरी हिंदीत बोलला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. यातले बरेच जण पुढे भरपाईसाठी आणि तो शिक्का पुसण्यासाठी काठमांडूत आंदोलनं करत राहिले.

चावी शेवटी गेली

ऑगस्ट २०११ मध्ये माओवादी नेते बाबुराम भट्टराई पंतप्रधान झाले आणि १ सप्टेंबरला कंटेनरच्या चाव्या सर्वपक्षीय विशेष समितीच्या हाती दिल्या गेल्या. पक्षातला मोहन वैद्य यांचा कडवा गट चिडला, त्यांच्या दृष्टीने ही शरणागती होती. १ नोव्हेंबरला सात कलमी करार झाला. जास्तीत जास्त ६,५०० जणांना सैन्यात घ्यायचं, तेही एकेकटे, सैन्याच्या निकषांनुसार, आणि मुख्यतः विकासकामं, जंगलरक्षण, आपत्ती निवारण अशा कामांसाठीच्या नव्या विभागात. ज्यांना नको त्यांना हुद्द्याप्रमाणे ५ ते ८ लाख नेपाळी रुपये. आपले साधारण ३ ते ५ लाख.

सुरुवातीला नऊ हजारांहून जास्त जणांनी सैन्य निवडलं. पण वय, शिक्षण, हुद्दा यांच्या अटी समजल्या, छावण्यांत आपल्याच कमांडरांविरुद्ध राग उफाळला, हाणामारीपर्यंत गेलं. १० एप्रिल २०१२ ला सरकारने निर्णय घेतला आणि नेपाळी सैन्य छावण्यांत शिरलं. शस्त्रं सैन्याच्या ताब्यात गेली. गोळी चालली नाही. ज्या सैन्याविरुद्ध दहा वर्षं लढले, ते आत आलं ते माओवादी पंतप्रधानाच्याच सांगण्यावरून, आणि एका अर्थाने त्या पोरांना एकमेकांपासून वाचवायला.

शेवटी सैन्यात गेले किती? सुमारे चौदाशे. बाकी पंधरा हजारांहून जास्त जणांनी चेक घेतला. कोणी आखातात गेलं, कोणी काठमांडूत टॅक्सी घेतली, कोणी गावात दुकान टाकलं.

मग हे जमलं का?

दोन देश शेजारी ठेवून बघू. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारात शस्त्रं दोन वर्षांत संपवायची ठरली होती. आयआरएने ती पूर्ण नष्ट केली सप्टेंबर २००५ मध्ये, सात वर्षांनी. तिथे तर फोटोसुद्धा काढू दिले नाहीत. कॅनडाचे जनरल जॉन द शास्तलें यांचा आयोग आणि साक्षीदार म्हणून एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट धर्मगुरू, यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला. दुसरीकडे लेबनॉन. १९८९ च्या ताइफ करारात सगळ्या मिलिशियांनी शस्त्रं टाकायची ठरली, बहुतेकांनी टाकली, पण हिजबुल्ला 'आम्ही इस्रायलविरुद्धचा प्रतिकार आहोत' म्हणून वगळली गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लेबनॉनचं मंत्रिमंडळ सैन्याला सांगत होतं की शस्त्रं सरकारच्या हाती आणण्याची योजना तयार करा. मधे छत्तीस वर्षं गेली होती.

मला यातून जे दिसतं ते सांगतो, तुम्हाला पटलं नाही तर जरूर कळवा. नेपाळमध्ये शस्त्रं आधी बंद झाली, सरकारजमा झाली सगळ्यांत शेवटी. मधल्या काळात माओवाद्यांना निवडणुकीतून सत्तेत जायचा रस्ता मिळाला आणि त्या रस्त्यावर बंदुकीचं ओझंच व्हायला लागलं. बाहेरचा कुठला मोठा देश त्यांना नव्या बंदुका पुरवत नव्हता, लेबनॉनमध्ये ते चालू राहिलं. आणि कुलूप दोन्ही बाजूंना लागलं. त्यामुळे कोणालाच मान खाली घालावी लागली नाही.

२०१२ नंतर जनमुक्ती सेना परत उभी राहिली नाही. छोटे गट फुटले, एकावर २०१९ मध्ये बंदीही आली, २०२१ मध्ये त्याच्याशीही समझोता झाला. पण युद्ध परत झालं नाही. जगातली बाकी उदाहरणं बघता हे खूप आहे.

पण हिशोब पूर्ण सांगायचा तर तोही सांगायला हवा. नेते पंतप्रधान झाले, प्रचंड तर तीनदा. बेपत्ता माणसांचा शोध आणि युद्धातल्या अत्याचारांचा न्याय अजून आयोगांच्या फायलींत अडकलाय. आणि ज्यांना मुलं असताना उचललं, त्यांच्या वाट्याला ना हुद्दा आला, ना त्या कराराचा चेक.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी दाजूला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? म्हणाला, सांग, पण नाव नको. मग जरा थांबून विचारलं, "मराठीत अयोग्यला काय म्हणतात?" मी म्हटलं, अयोग्यच.

"अच्छा," म्हणाला, आणि पुढच्या माणसाची प्लेट भरायला लागला.

चला, आजच्यापुरतं इतकंच. नेपाळला गेला असाल, तिथे राहिला असाल, किंवा तुमच्या ओळखीत कोणी त्या काळातलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया, तोवर काळजी घ्या!